इथे विलंब धरलेला नाही

लिफ्टने चौथा मजला सोडला आणि तिचा आवाज खाली उतरला. थांबली नाही, नुसती दमल्यासारखी झाली. डोक्यावरचा दिवा किंचित मंदावला, उजळला, पुन्हा मंदावला, आणि मग काही झालंच नाही अशा थाटात सगळं पूर्ववत झालं. शेजारी उभे असलेले वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य मोबाइलमधून डोकंही न काढता म्हणाले, "म्हातारी झाली हो आपली लिफ्ट." ऑफिसातून परतणारी ती "हो ना" म्हणाली. पण ती दिव्याकडेच बघत राहिली. या इमारतीत, दुपारच्या या वेळी, असं होणं शक्यच नव्हतं. तसं तिनेच सिद्ध केलं होतं. आज सकाळीच वीज कंपनीच्या बैठकीच्या खोलीत, पडद्यावर व्होल्टेजची एक सरळ रेघ दाखवून. रेघ इतकी सरळ होती की मोठे साहेब म्हणाले, "पट्टी लावून काढलीत की काय?" आणि सगळे हसले होते, तीही हसली होती. अंगात कणकण होती म्हणून ती लवकर घरी आली होती, एरवी या वेळी ती लिफ्टमध्ये असतेच कुठे? क्षणभर तिला वाटलं, तापामुळे भास झाला असेल. पण आवाज उतरलेला कानांनी ऐकला होता, आणि तापाने लिफ्टची मोटर काही मंदावत नाही.

गोष्ट अशी होती की शहराच्या पूर्व भागात गेल्या काही वर्षांत छपराछपरांवर सोलर पॅनेल बसली होती. ऊन तापलं की सगळी एकदम वीज ओतायची, ढग आला की एकदम हात आखडता घ्यायची, आणि गल्लीतल्या व्होल्टेजची ओढाताण व्हायची. त्यावर उपाय म्हणून पॅनेलच्या खालच्या पेट्यांनाच व्होल्टेज आपलं आपण सावरायला शिकवलं होतं. गल्लीच्या तोंडाशी रेग्युलेटर नावाची एक थोरली पेटी होती, तीही तेच काम करायची. धाकट्यांनी आपापल्या परीने सांभाळायचं, थोरलीने वरून लक्ष ठेवायचं. चाचणी म्हणून ही व्यवस्था तिच्याच वस्तीत काही महिने चालू होती. सोमवारी ती साऱ्या पूर्व भागात सुरू व्हायची होती. आणि ती सुरू करायला हरकत नाही, असं सांगणारी रेघ तिची होती.

तिचं काम म्हणजे खरं तर शहराची नक्कल करणं. तिच्या संगणकात एक शहर होतं. त्यात माणसं नव्हती, झाडं नव्हती, फक्त तारा, खांब, ट्रान्सफॉर्मर आणि प्रत्येक घराचा एक ठिपका. त्या शहरावर ती ऊन पाडायची, ढग आणायची, एखादी तार तोडून बघायची, आणि कुणाच्या घरातला दिवा जायचा नाही. नवरा होता तेव्हा रोज संध्याकाळी विचारायचा, "काय म्हणतंय तुझं शहर? कुणी वारलं का आज?" तो शाळेत भूगोल शिकवायचा आणि नकाशाबद्दल त्याला एकंदरीतच संशय होता. "नकाशात नदी नेहमी निळीच असते," म्हणायचा, "म्हणून नदीवर जाताना नकाशा घडी घालून ठेवावा." दोन वर्षांपूर्वी वर्गातल्या फळ्यासमोरच तो कोसळला. तेव्हापासून घरात दोघीच होत्या, ती आणि सासूबाई. दोघी एकमेकींना जपायच्या. जपायच्या म्हणजे फारसं काही विचारायच्या नाहीत. तू जेवलीस का, तुम्ही औषध घेतलंत का, दार नीट लावलं का. एखाद्या जखमेच्या कडेकडेने बोट फिरवावं तशी त्यांची बोलणी मधली जागा टाळून फिरायची.

किल्लीने दार उघडून ती आत आली तेव्हा घर गप्प होतं. सासूबाई नवऱ्याच्या खोलीत होत्या. पश्चिमेचं ऊन येतं म्हणून पडदे ओढलेले, आणि त्याच्या टेबलावरचा जुना दिवा लावलेला. त्यात तारेचा पिवळा बल्ब होता. घरातले बाकी सगळे दिवे बदलून झाले, पण तपासायला घेतलेल्या वह्यांवर हाच प्रकाश बरा पडतो म्हणून नवऱ्याने तो बदलू दिला नव्हता, आणि आता तो कोण बदलणार? सासूबाई दिव्याखाली पुस्तक घेऊन बसल्या होत्या, पण पुस्तक मिटलेलं होतं.

"आज इतक्या लवकर?"

"अंग मोडून आलंय जरा."

"मग पड जाऊन. चहा ठेवते." त्या उठू लागल्या आणि तेवढ्यात दिवा मंदावला. हळूहळू, कुणी श्वास सोडावा तसा. मग उजळला. सासूबाईंनी दिव्याकडे बघितलंच नाही. त्या सुनेच्या तोंडाकडे बघत होत्या, गणित चुकलंय की बरोबर हे पोर बाईंच्या तोंडावरून ओळखू पाहतं तशा.

"हे रोज होतं का, आई?"

"काय?"

"दिवा."

"दिव्याला काय झालंय? चांगला तर आहे." उत्तर फारच चटकन आलं होतं.

"अहो, आत्ता मंद झाला ना. बघा, परत झाला."

सासूबाई पुन्हा खुर्चीत बसल्या. हातातलं पुस्तक त्यांनी टेबलावर ठेवलं, सरळ केलं, पुन्हा उचललं. "तुला दिसलं?"

"म्हणजे काय! समोर तर आहे."

"खरं सांग. माझं मन राखायला म्हणू नकोस."

"आई, मला दिसलं. लिफ्टमध्येसुद्धा झालं आत्ता."

आणि मग कधीही कुणासमोर न रडणाऱ्या, मुलाच्या मागेसुद्धा न्हाणीघराचा नळ सोडून रडलेल्या त्या बाई टेबलाला धरून हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसू लागल्या. तिला कळेना काय करावं. ती तापल्या अंगाने त्यांच्याशेजारी जमिनीवरच बसली आणि त्यांचा गुडघा धरून राहिली. थोड्या वेळाने सासूबाई बोलायला लागल्या. त्यांच्या आईला शेवटच्या वर्षांत भिंतीवर माणसं दिसायची. सुरुवात अशीच झाली होती, उजेडापासून. "दिवा हलतोय," म्हणायची, आणि सगळी पोरं म्हणायची, "आई, दिवा कुठे हलतोय?" त्या पोरांमध्ये सासूबाईही होत्या. पुढे त्यांच्या आईने स्वतःच्या मुलांची नावं हरवली, मग घर हरवलं. "मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा वाटलं, तोच आलाय," सासूबाई म्हणाल्या. "त्याची खोली, त्याचा दिवा. चार दिवस बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मग डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हटलं, आता आपली पाळी. शेजारणीला मुद्दाम बोलावून इथे बसवलं एकदा, तर ती बया दिव्याकडे बघेल तर शप्पथ, तिच्या जावयाचंच पुराण चाललेलं. तिला काही दिसलं नाही. मग खात्रीच झाली."

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? तू दिवसभर मरमर काम करून येतेस. तुला म्हणू, बाई, मला वेड लागत चाललंय?"

ती चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेली आणि ओट्यासमोर तशीच उभी राहिली. डब्यांवर पांढऱ्या पट्ट्या होत्या. साखर. मीठ. चहा. मोठ्या, वळणदार अक्षरांत. काही महिन्यांपूर्वी त्या पट्ट्या दिसल्या तेव्हा ती म्हणाली होती, "वा, आई, अक्षर अजून कसलं सुरेख आहे तुमचं!" आणि सासूबाई नुसत्या हसल्या होत्या. फोनजवळ भिंतीवर तिचा नंबर लिहून चिकटवलेला होता, जो त्यांना तोंडपाठ होता. नणंदेने आपल्याकडे राहायला बोलावलं तर "गुडघे दुखतात" म्हणून त्यांनी जाणं टाळलं होतं. त्यांचे गुडघे तर तिच्यापेक्षा धड होते. बाई शहाणपणाने, कुणाला त्रास न देता, स्वतःच्या हरवण्याची तयारी करत होत्या. आणि ती त्याच घरात जेवत होती, झोपत होती, सकाळ-संध्याकाळ त्यांच्याकडे बघत होती. बघत होती आणि सगळं ठीक आहे असं तिला दिसत होतं. चहा उतू गेला तेव्हा ती भानावर आली.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला होता की तिने तो उतरवला, कोण जाणे. ऑफिसात पोचल्या पोचल्या तिने संगणकातल्या शहरावर कालची दुपार पुन्हा पाडली. रेघ सरळ. तिने आपली इमारत शोधली, आपल्या घरचा ठिपका मोठा करून बघितला. तिथेही सरळ. मग मीटर विभागात गेली. तिथे तिच्याच वयाचा एक सहकारी होता. बोलता बोलता घड्याळ बघायच्या सवयीमुळे त्याला सगळे सेकंदकाटा म्हणत. त्याने तिच्या वस्तीतल्या मीटरांची नोंद काढून दिली. तीही सपाट. "मॅडम, हे बघा, गाईच्या पाठीसारखं सपाट आहे," तो म्हणाला. "गाईची पाठ सपाट नसते," ती म्हणाली. मग तिनेच विचारलं, "ही नोंद किती वेळाची असते?" तो म्हणाला, "पाव तासाची सरासरी." दिवा पाव तासात कितीही वेळा वर गेला आणि तितक्याच वेळा खाली आला तर सरासरी सपाटच येणार. मीटर खोटं बोलत नव्हतं. त्याला जेवढं विचारलं होतं तेवढंच ते सांगत होतं. हेच तिच्या मनात टोचत राहिलं. तीसुद्धा दोन वर्षं सासूबाईंना सकाळी एकदा आणि रात्री एकदा विचारत आली होती, ठीक ना? आणि त्या म्हणत आल्या होत्या, ठीक.

तिने संगणकातल्या शहराला दर सेकंदाला डोळे उघडायला लावलं. तासभर यंत्र घरघरत राहिलं. रेघ सरळच आली. आता मात्र ती घाबरली. काल जे दोघींनी बघितलं ते एकीच्या तापाचं आणि दुसरीच्या वयाचं तर नव्हतं? सासूबाईंचं कालचं हसू आठवलं, आणि ते हसू परत काढून घ्यावं लागलं तर? बाहेर दुपार चढत होती. सोमवार तोंडावर होता. बाकीचे डबे उघडून बसले होते, कुणीतरी सुट्टीत कुठे जायचं यावर बोलत होतं. तिने खिडकीचा पडदा ओढला आणि जे आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. तिने तो प्रोग्राम उघडून आतून वाचायला घेतला.

वाचता येत होता, कारण तो उघडा होता. पूर्वी कंपनीत एक कुलूपबंद प्रोग्राम असायचा. आत डोकवायची सोय नव्हती, उत्तर आलं की मान डोलवायची. तो बंद पडला तेव्हा तिनेच हा शोधून आणला. देशोदेशीच्या लोकांनी मिळून लिहिलेला, कुणीही घ्यावा, वाचावा, बदलावा, बदल पटला तर सगळ्यांसाठी ठेवावा असा. साहेब तेव्हा कुरकुरले होते. "याला धनी कोण? चुकलं तर कुणाची मान धरायची?" नवरा मात्र खूश झाला होता. "म्हणजे गावविहिरीसारखं," म्हणाला होता, "ज्याला तहान त्याने गाळ काढायचा." ती वर्षानुवर्षं त्या विहिरीचं पाणी पीत आली होती, आत कधी उतरली नव्हती. आता ओळीमागून ओळ वाचताना तिला विचित्र वाटत होतं. लोकांच्या घरांतून फिरल्यासारखं. एकाचं लिहिणं नीटनेटकं, एकाचं घाईचं, एकाने मध्येच कुणालातरी उद्देशून "हे असं का, मलाही नीट समजलेलं नाही, पण चालतंय" असं प्रामाणिकपणे लिहून ठेवलेलं. आणि सोलर पॅनेलच्या पेट्यांचं वागणं जिथे लिहिलं होतं तिथे ती पोचली. तिथे कुणा परक्या माणसाने, बऱ्याच वर्षांपूर्वी, दोन ओळींची टीप सोडली होती. तिचा अर्थ असा होता: इथे विलंब धरलेला नाही. सध्या एवढं पुरे. ज्याला गरज पडेल त्याने घालावा.

ती टीप तिने पुन्हा वाचली आणि खुर्चीत मागे टेकली. प्रोग्रामच्या लेखी पेट्या क्षणात शहाण्या होत होत्या. व्होल्टेज बिघडलं की त्याच क्षणी सावरलं. पण खऱ्या पेटीला कळायला वेळ लागतो, हालायला वेळ लागतो. तोवर थोरली पेटी तेच काम करायला निघालेली असते. दोघी एकदम सावरतात, जास्तच सावरतात, मग दोघी एकदम माघार घेतात. अरुंद दारात दोन भली माणसं समोरासमोर यावीत, दोघांनी वाट द्यायला एकाच बाजूला सरकावं, मग पुन्हा दोघांनी दुसऱ्या बाजूला. कुणाचीच चूक नाही, आणि दार काही सुटत नाही. तिने आपल्या हाताने विलंब घातला. पहिल्यांदा प्रोग्राम चालेचना, दुसऱ्यांदा भलतंच काहीतरी आलं. तिसऱ्यांदा पडद्यावरची रेघ थोडा वेळ सरळ गेली आणि मग हळूच वर उचलली, खाली आली, वर गेली. श्वास घेतल्यासारखी. तिच्या तोंडून "आई गं" निघालं, एवढ्या मोठ्याने की आसपासचे वळून बघायला लागले.

तो आनंद टिकला थोडाच वेळ. कारण तिने तोच विलंब साऱ्या पूर्व भागाला लावून बघितला, सोमवारची दुपार. तिथे लाट नुसती हलत नव्हती, वाढत होती. वाढत वाढत एका हद्दीला गेली आणि छपरावरच्या पेट्या स्वतःला वाचवायला एकेक करून बंद पडू लागल्या. ठिपके विझत गेले. शाळा, पाण्याची टाकी, रुग्णालय. संगणकातल्या शहरात कुणी मरत नाही, हे ती नवऱ्याला हसत सांगायची. आज तिला त्या ठिपक्यांत माणसं दिसली.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते, फक्त त्यांच्यावरही साहेब होते. "काल तुम्ही सरळ रेघ दाखवलीत," ते म्हणाले, "आज वाकडी. उद्या काय दाखवणार?"

"कालची चुकीची होती, साहेब. माझी चूक. अहवाल मी मागे घेते."

"आणि पुरावा? मीटर तर म्हणतात सगळं झकास आहे. दिसलं कुणाला? तुम्हाला आणि तुमच्या सासूबाईंना. आता सासूबाईंच्या डोळ्यांवर मी शहर थांबवू?"

एरवी ती इथे गप्प बसली असती. तिला ते जमायचं, कागद गोळा करून "बघते" म्हणत उठणं. पण सासूबाईंच्या डोळ्यांबद्दल आज कुणी काही बोललेलं तिला चालणार नव्हतं. "त्यांचे डोळे उत्तम आहेत," ती म्हणाली, आणि आपला आवाज चढलाय हे तिला स्वतःलाच ऐकू आलं. "सोमवारी सकाळपर्यंत थांबा. सेकंदासेकंदाची नोंद आणून देते. नाही आणली तर खुशाल बटण दाबा."

शनिवारी सेकंदकाटा नोंद करणारं यंत्र काखोटीला मारून घरी आला. सुट्टीचा दिवस, तरी आला. नवऱ्याच्या टेबलाजवळच्या प्लगमध्ये त्याने ते लावलं. सासूबाईंनी ठेवणीतली साडी नेसली होती, जणू त्यांचीच तपासणी होती. एका परीने होतीच. ऊन वर चढेपर्यंत काही झालं नाही. दिवा ढिम्म. सेकंदकाटा दहादा मनगटाकडे बघून चुकला. सासूबाईंचा चेहरा उतरत चालला. मग खिडकीबाहेर एक ढग सरकला, ऊन गेलं आणि आलं, आणि दिव्याने श्वास सोडला. यंत्राच्या छोट्या पडद्यावर लाट उमटली. सेकंदकाटा ओरडला, "आला! आला, आजी, आला!" सासूबाई उठून उभ्याच राहिल्या. "बघ, म्हटलं नव्हतं!" त्या म्हणाल्या, जरी त्यांनी कधीच कुणाला काही म्हटलेलं नव्हतं.

त्या दुपारी तिने आपला बदल, मोजलेल्या लाटेसकट, प्रोग्रामच्या सार्वजनिक जागेवर ठेवला. कुठल्यातरी देशात सकाळ होत असणार. बघता बघता उत्तर आलं, आणि ते त्या टीपवाल्याचंच होतं. आता आपण निवृत्त झालो आहोत, त्याने लिहिलं होतं. ती जागा आपल्याला अधूनमधून आठवायची. कुणीतरी येईल असं वाटायचं, मग वाटेनासं झालं. एवढं सांगून झाल्यावर त्याने अजिबात भीड न ठेवता तिच्या कामातली एक चूक दाखवली. तिने विलंब घातला होता तो जरा जास्तच, त्यामुळे तिची लाट खऱ्या लाटेपेक्षा उंच येत होती. ती ओशाळली, मग हसली. रविवारी दिवसभर दोघांची लिहालिही चालली. तिने बदलायचं, त्याने तपासायचं, त्याने सुचवायचं, तिने मोडून बघायचं. मध्येच आणखी कुणीतरी तिसरं येऊन एक ओळ सुधारून गेलं, नावसुद्धा न सांगता. दोन वर्षांत एवढं कुणाशी बोलल्याचं तिला आठवत नव्हतं. सासूबाई दारातून डोकावून म्हणाल्या, "कोण गं एवढं?" ती म्हणाली, "माहीत नाही." "बरं," म्हणून त्या गेल्या. संध्याकाळपर्यंत संगणकातली लाट आणि यंत्रातली लाट एकमेकींवर ठेवल्या तर वेगळ्या ओळखू येईनाशा झाल्या.

सोमवारी साहेबांनी दोन्ही लाटा शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघितल्या. मग फोन उचलून वरच्यांना सांगितलं, आज होणार नाही. पलीकडून बरंच काही बोललं गेलं असावं, कारण ते नुसतं "हो, हो, माझी जबाबदारी" म्हणत होते. फोन ठेवून म्हणाले, "मान धरायची तर आता माझी आहे. उपाय सांगा." उपाय तिच्याकडे होता, आणि तो इतका साधा होता की सांगताना तिला संकोच वाटला. धाकट्या पेट्यांनी आपलं काम लगेच करायचं, थोरलीने दम धरायचा. त्यांचं निस्तरून होऊ द्यायचं, उरलं तरच हात घालायचा. साहेब म्हणाले, "घरात हे कुणी ऐकत नाही." पण पेट्या ऐकतात. दोन आठवडे चाचणी झाली, आणि मग पूर्व भाग सुरू झाला. ती भर दुपारी रजा टाकून घरी बसली होती. टेबलावरचा दिवा लावून दोघी त्याच्याकडे टक लावून बघत राहिल्या. ढग येत होते, जात होते. दिवा हलला नाही. रुग्णालयातून फोन नाही, कुठूनच नाही. काही न होणं एवढं भरगच्च असतं हे तिला माहीत नव्हतं.

तिला एकच धास्ती होती. शेवटी तिने ती विचारलीच. "आई, आता तो... म्हणजे तुम्हाला वाटायचं ना, की तो येतो."

सासूबाईंनी जरा विचार केला. "दुपारी तो झोपायचा," त्या म्हणाल्या. "सुट्टीच्या दिवशी हलवून उठला नाही कधी. तो कशाला येतोय दुपारचा?" आणि मग, त्याच सुरात, "कसा घोरायचा, आठवतं?" तिला आठवत होतं. दोघी किती दिवसांनी त्याच्याबद्दल बोलत होत्या. आधी घोरण्याबद्दल, मग त्याच्या नकाशांबद्दल, मग त्या दिवसाबद्दल, शाळेतून आलेल्या फोनबद्दल, तो कुणी आधी उचलला त्याबद्दल. ऊन टेबलावरून खाली उतरलं तरी बोलणं संपत नव्हतं. पुढच्याच आठवड्यात सासूबाई नणंदेकडे राहायला गेल्या, एकट्या, आणि तिथून रोज फोन करून नणंदेच्या स्वयंपाकाच्या तक्रारी सांगू लागल्या.

त्या परत आल्यावर काही दिवसांनी एक निरोप आला. दोघी सकाळचा चहा घेत होत्या. प्रोग्रामच्या त्याच सार्वजनिक जागेवर कुणा अनोळखी अभियंत्याने लिहिलं होतं, दुसऱ्याच खंडातल्या एका लहान गावातून. तुमचा बदल आम्ही आमच्या जाळ्याला लावून बघितला, लाट आमच्याकडेही आहे. आमच्या गावात एक वृद्धाश्रम आहे. तिथली माणसं वर्षभर सांगत होती की दुपारी दिवे हलतात. आम्ही दोनदा जाऊन मीटर बघितलं आणि सगळं ठीक आहे असं सांगून आलो. आता दुरुस्ती हाती घेतो आहोत, महिनाभर लागेल. आभार. तिने ते मोठ्याने वाचून दाखवलं. वाचताना आवाजात जरा अभिमानही होता. सासूबाईंनी कप खाली ठेवला होता.

"महिनाभर?" त्या म्हणाल्या.

"सामान यावं लागतं, आई. बदलायच्या पेट्या असतात."

"ते होऊ दे सावकाश. पण त्यांना सांगितलं का?"

"कुणाला?"

"त्या म्हाताऱ्यांना. की दिवा खरंच हलतो म्हणून." त्यांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. "लिहून टाक. आत्ता लिही. म्हणावं, पेट्या मागाहून बदला. आधी तिथे जा आणि त्यांना सांगा."

तिने कप बाजूला सारला आणि लिहायला घेतलं. सासूबाई तिच्या खांद्यावरून वाकून एकेक अक्षर बघत होत्या. ती भाषा त्यांना वाचता येत नव्हती, तरी त्या म्हणाल्या, "नीट लिही. आजच जा म्हणावं."